ओढ

लांबी तीन वाव.
रुंदी म्हणजे बसणाऱ्याची बैठक, दोन्हीकडे एकेक मूठ.
खोली: वळलेली मूठ आणि वर ताठ अंगठा.
उंगाकनं हे कुठंच लिहून ठेवलं नव्हतं,
त्याचं अंगच त्याची मोजपट्टी,
आणि ते अंग आता उपर्नविकच्या टेकाडावर
दगडांखाली आहे, पांढऱ्या क्रुसाशी.

म्हणून पिपालुकनं त्याची कयाक शेडमध्ये आणली,
लाकडी घोड्यांवर पालथी घातली
आणि अर्धचंद्र सुरीनं
शेपटाकडून शिवण उसवायला घेतली.
सीलचं कातडं, तिसऱ्यांदा चढवलेलं,
आईच्या हातचं शेवटचं.
एकदा ढोलासारखं वाजलं, मग गप्प झालं.

मितेक आलाय सुट्टीवर, डेन्मार्कहून.
मितेक म्हणजे आयडर बदक; नाव आजोबांनीच ठेवलेलं.
तिकडे एका लांबच लांब टाकीत
तो मेणाच्या बोटी ओढत नेतो
आणि पाण्याला त्यांची किती ओढ लागली
ते आकड्यांत मांडतो.
त्याचा पगार त्याबद्दल आहे.

‘सगळे नाक बघतात,’ तो म्हणाला,
कॉफीच्या कपानं पुढच्या टोकाकडे दाखवत.
‘पाणी काय, कुणीही फाडतं.
खरं कसब मागं.
फाटलेलं पाणी पुन्हा जुळेपर्यंत
थोडं थोडं निमुळतं होत निघून जायचं.
एकदम तुटलास, की भोवरे पडतात,
आणि ते तुला मागं धरून ठेवतात.’

‘सीलला माहीत आहे हे.’
‘माहीत नाही, आई. सील तसाच आहे.’
‘मग मी दुसरं काय म्हटलं?’

कातडं सुटलं.
आत सायबेरियातल्या कुठल्याशा नदीनं टाकून दिलेलं,
बर्फाबरोबर दोन-चार वर्षं भटकत आलेलं लाकूड.
एक खिळा नाही. नुसती बांधणी.
मधे पोट, मग बरगड्या आखडत आखडत
टोकाला बोटाएवढी जागा,
जिथं कोणीच बसत नाही,
आणि जिच्यावाचून काहीच चालत नाही.

मितेकनं कॅलिपर लावला. लिहून घेतलं.
दुसरी बरगडी. तिसरी.
चौथीपाशी तो वाकला, मोबाइलचा दिवा धरला.
‘हे काय?’

दात.
लाकूड वाकवायचं तर आतून चावत जायचं,
चावलेली बाजू मऊ पडते, आत वळते.
वाफेचं भांडं होतं की घरात;
पण उंगाकचा बाप चावायचा, म्हणून उंगाक चावायचा.
दोन ओळी, वरची आणि खालची,
चार, पाच, सहा, सगळ्या बरगड्यांवर
एकच माणूस तोंड उघडून थांबलेला.

अकरावीनंतर वरच्या ओळीत एक जागा मोकळी.

पिपालुक तेव्हा नऊ वर्षांची.
बाप हसला होता, बर्फात थुंकला होता,
लाल ठिपका आणि त्यात काहीतरी पिवळं;
कुत्रं हुंगून गेलं.
बारावी बरगडी त्यानं उरलेल्या दातांनी वळवली.
ती हे सगळं विसरली होती.
विसरली होती म्हणजे,
त्यावर कातडं होतं.

बाहेरून ही बोट पाण्यावर रेघही ठेवत नाही.
चाळीस वर्षं समुद्रात गेली-आली,
आणि समुद्राला विचाराल तर: कोण? कधी?

मितेकनं वहीत बघितलं.
रुंदी, कोन, अंतर असे रकाने होते.
पेन थोडा वेळ हवेतच राहिलं,
मग त्यानं समासात लिहिलं:
११ नंतर, वरचा, डावीकडून तिसरा.

रात्री, रात्र म्हणायची एवढंच,
बाहेर ऊन होतंच,
तिनं आपल्या मापानं पहिली बरगडी घेतली.
तिची बैठक बापापेक्षा रुंद,
तिच्या मुठी लहान;
ही बोट त्याची होणारच नव्हती.
लाकूड तोंडात धरलं. खारट. थोडं डांबरट.
दात नीट उमटले नाहीत.

‘पाण्यात भिजत घालू का आधी?’ मितेक म्हणाला.
तोंडात बरगडी असल्यानं
तिनं नुसती मान हलवली, नाही,
आणि आणखी जोरात चावली.